मॅच गहुंजेला, मुक्काम पिंपरीला

गहुंजेचं क्रिकेट मैदान पुण्यात नाही. ते मावळ तालुक्यात, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागून आहे, आणि त्याच्या सगळ्यांत जवळचं मोठं शहर म्हणजे पिंपरी-चिंचवड. टीव्हीवर मात्र 'पुणे' एवढंच झळकतं. त्यामुळे जळगाव, नांदेड, सोलापूर, नागपूरहून मॅचला येणारा माणूस मोबाइलवर 'पुणे' टाकतो आणि पुणे स्टेशनजवळ नाहीतर डेक्कनला खोली घेतो. मॅचच्या दिवशी सगळं पुणे ओलांडायचं, मग पिंपरी-चिंचवड ओलांडायचं, वीस-पंचवीस किलोमीटरवर मैदान गाठायचं आणि रात्री अकरानंतर तेवढंच परत जायचं. ज्या शहरातून तो दोनदा जातो, त्या शहरात त्यानं चहासुद्धा घेतलेला नसतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

माझं माहेर जळगावचं. लग्न होऊन संत तुकारामनगरात आले आणि इथलीच झाले. भावांची मुलं, त्यांचे मित्र, मित्रांचे मित्र मॅचला येतात आणि आधी फोन करतात, "आत्या, राहायचं कुठे? खायचं काय? दुसऱ्या दिवशी बघायचं काय?" त्यांना जे सांगते, तेच इथे सांगते.

मुक्काम पिंपरी, चिंचवड, आकुर्डी किंवा निगडीत करा. पुणे-लोणावळा लोकल पिंपरी, चिंचवड, आकुर्डी करत देहूरोड आणि बेगडेवाडीला जाते. मैदानासाठी या शेवटच्या दोनांपैकी एका स्टेशनावर उतरायचं आणि पुढे रिक्षा करायची. द्रुतगती मार्गावर रिक्षा आणि दुचाकीला बंदी आहे, म्हणून रिक्षा गावाकडच्या रस्त्यानं नेते आणि थोडं चालावं लागतं. दुपारच्या वेळी लोकल बराच काळ नसते. दिवस-रात्रीची मॅच असेल तर ही गोष्ट अंगाशी येते. वेळापत्रक आधी बघा आणि शेवटच्या लोकलची वेळही लिहून ठेवा. मोठ्या मॅचला पीएमपी जादा बस सोडते, त्यांत निगडीची बस आपल्याला सोयीची. पुण्यात जायचंच असेल, आणि जरूर जा, शनिवारवाडा आणि तुळशीबाग कुठे पळून जात नाहीत, तर पिंपरीतून स्वारगेटपर्यंत मेट्रो सरळ जाते. म्हणजे इथे राहून पुणे बघता येतं. पुण्यात राहून मॅच बघणं मात्र दमवणारं आहे.

इथे राहायचं याहून मोठं कारण मी जेवणाचं सांगेन. हे शहर शिफ्टवर चालतं. १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, देशाला पेनिसिलिन देणारा सरकारी कारखाना. मागून टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य वर्कशॉप आले. कुणाची पहिली पाळी भल्या सकाळी सुरू होते, कुणाची दुसरी पाळी मध्यरात्री सुटते. अशा माणसांना वेळी-अवेळी गरम अन्न लागतं, आणि ज्या शहरात ते लागतं तिथे ते मिळतंच. पिंपरी आणि चिंचवड स्टेशनच्या बाहेर, चौकाचौकात रात्री अंडाभुर्जीच्या गाड्या पेटलेल्या असतात. कढईत उलथनं वाजतं, पाव तव्यावर दाबले जातात, शेजारी कुणी ऑम्लेट दुमडतो. मॅच संपून, गर्दीतून बाहेर पडून, गाडी मिळवून माणूस परत येतो तेव्हा साडेअकरा-बारा वाजलेले असतात. त्या वेळी पुण्याच्या पेठांत जेवण शोधणं कठीण. पिंपरीत आपण दुसऱ्या पाळीच्या माणसाशेजारी उभं राहून पोटभर जेवतो. बाहेरच्या पाहुण्याला या शहराची ओळख करून द्यायची तर मी आधी या गाडीवरच नेईन.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. इथल्या एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. आता गंमत बघा. गहुंजेला २०१७ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी झाली, २०१९ साली दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दुसरी, २०२४ साली न्यूझीलंडविरुद्ध तिसरी. तिन्ही गुरुवारी सुरू झाल्या. विश्वचषकातला भारत-बांगलादेश सामना १९ ऑक्टोबर २०२३ ला झाला, तोही गुरुवारी. त्या दिवशी विराट कोहलीनं षटकार मारून शतक आणि सामना दोन्ही पुरे केले तेव्हा आमच्या भागातले कितीतरी फिटर, टर्नर, वेल्डर हक्काच्या सुट्टीत बसून ते बघत होते, कुणी मैदानात, कुणी घरी. पाहुण्याने मात्र गुरुवारी एमआयडीसीच्या आतल्या टपऱ्यांच्या भरवशावर राहू नये. त्या दिवशी गावठाणात किंवा बाजारात जेवावं.

आता सकाळ. सकाळी पिंपरी कॅम्पात जायचं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची छावणी इथे पडली, म्हणून हा कॅम्प. घरदार टाकून आलेल्या माणसांनी इथे बाजार उभा केला, आज तो शहराचा मोठा बाजार आहे. शगुन चौकाच्या आसपास सकाळी डाळ-पकवान मिळतं. पकवान म्हणजे मैद्याची, टोचे मारून कडक तळलेली मोठी पुरी. सोबत हरभऱ्याची डाळ, दाणा शाबूत पण बोटानं चिरडेल इतकी शिजलेली, वर चिंचेची चटणी, हिरवी चटणी, कच्चा कांदा. पकवान हातानं मोडायचं आणि डाळ उचलायची. चमचा मागू नका. दहानंतर गेलात तर बऱ्याच ठिकाणी संपलेलं असतं. कोकी मिळाली तर तीही घ्या, कांदा-मिरची घालून जाडसर भाजलेली, दह्याबरोबर खायची. पुण्याच्या खाण्याच्या याद्यांत हे पदार्थ क्वचित येतात आणि आले तरी पिंपरीचं नाव येत नाही. माझ्या मते या शहराचा पहिला नाश्ता हाच.

दुसऱ्या सकाळी मिसळ. चिंचवडगावात नेवाळेंची मिसळ जुनी आणि नावाजलेली आहे. तिखट सोसत असेल तरच रस्सा जास्त मागा. तिथून मोरया गोसावींचं समाधी मंदिर चालत जाण्याइतकं जवळ आहे. पवनेच्या काठावरचं दगडी मंदिर, शांत. पावसाळ्यात नदी चढली की पाणी मंदिरात शिरतं. चिंचवडहून मोरगावला आजही वर्षातून दोनदा, भाद्रपदात आणि माघात, पालखी जाते. याच गावातले चापेकर बंधू. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढे दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव तिघं भाऊ फासावर गेले. एका घरातली तीन मुलं. त्यांचा वाडा आणि चौकातलं स्मारक बघितल्याशिवाय चिंचवड सोडू नये, विशेषतः शाळकरी मुलं बरोबर असतील तर.

दुपारी काय खायचं याचं उत्तर या शहरात एक नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. हे शहर बाहेरून आलेल्यांनी भरलं. खान्देश, विदर्भ, मराठवाडा, कोल्हापूर, सातारा, कोकण, पुढे केरळ, बिहार, उत्तर प्रदेश. प्रत्येकानं आपली चूल बरोबर आणली. त्यामुळे तांबडा-पांढरा रस्सा, सावजी मटण, शेवभाजी, मालवणी मासे, केरळी मेसमधला लाल तांदूळ, लिट्टी-चोखा हे सगळं एका दिवसाच्या फिरण्यात सापडतं. थंडीत माझ्या माहेरची भरिताची वांगी ट्रॅव्हल्सच्या गाडीनं येतात. काड्यांवर भाजलेलं वांगं, ठेचलेली हिरवी मिरची, कांद्याची पात आणि कळण्याची भाकरी हे जेवण चिखली-तळवडे भागातल्या खान्देशी घरांत आणि खानावळींत मिळतं. चाकण-तळेगावकडे परदेशी कंपन्यांचे इंजिनीअर राहायला आले, तर तिथे कोरियन आणि जपानी जेवणही मिळू लागलं. जळगावहून आलेल्या माझ्या भाच्याला मी शेवभाजी खायला नेत नाही, ती त्याला घरी मिळते. त्याला मी मावळी जेवण देते: गावरान मटणाचा रस्सा, तांदळाची नाहीतर ज्वारीची भाकरी आणि इंद्रायणीचा भात. हा तांदूळ मावळाचा आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तो तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांना मिळाला. त्याच्या रक्तात आंबेमोहोर आहे, म्हणून वास तसा गोड. परतताना वडगाव-कामशेत भागातून तो विकत घ्या. नवा तांदूळ असेल तर पाणी कमी घाला, नाहीतर भात गिचका होतो.

मैदानात जाताना पोटभर खाऊन जा. बरोबर पिशवी, पॉवर बँक, बाटली नेऊ देत नाहीत. बऱ्याच स्टँडवर छत नाही, ऑक्टोबरचं ऊन सरळ डोक्यावर येतं. २०२४ च्या न्यूझीलंड कसोटीत पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना पिण्याच्या पाण्यासाठी तिष्ठावं लागलं आणि क्रिकेट संघटनेला जाहीर माफी मागावी लागली. टोपी न्या, आत शिरल्या शिरल्या पाण्याची जागा विचारून ठेवा, म्हातारी माणसं बरोबर असतील तर सावलीची बाजू बघूनच तिकीट काढा.

मॅच दुपारची किंवा संध्याकाळची असेल तर सकाळ मोकळी असते. ती सकाळ मी घोरावडेश्वराला देईन. मैदानापासून अगदी जवळ, जुन्या हायवेला लागून हा डोंगर आहे, बेगडेवाडी स्टेशनाजवळ. पायऱ्या आहेत, फार दमछाक होत नाही. वर प्राचीन बौद्ध लेणी आहेत. चैत्याच्या जागी पुढे महादेवाचं देऊळ झालं. तुकोबा चिंतनासाठी भंडारा आणि भामचंद्रासारखेच याही डोंगरावर येत, असं इथे सांगतात. माथ्यावर वारा छान असतो आणि तिथून रेल्वे, जुना हायवे, द्रुतगती मार्ग आणि ज्या मैदानासाठी आलो ते मैदानही एकाच नजरेत येतं. रोज पहाटे आसपासची माणसं व्यायामाला चढतात. गावोगावहून आलेल्या क्रिकेटप्रेमींना हे ठिकाण ठाऊक नसावं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

देहूरोडला उतरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: देहूरोड म्हणजे देहू नव्हे, देहूगाव तिथून पाच-सहा किलोमीटरवर आहे. पण देहूरोडलाही थांबण्यासारखं आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. नागपूरहून येणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? दर वर्षी त्या दिवशी इथे मोठी गर्दी लोटते. मग देहूला जा, इंद्रायणीकाठी बसा, गाथा मंदिरात भिंतींवर कोरलेले अभंग वाचा. देहू-आळंदीत मटण-मच्छी शोधू नका, साधं पिठलं-भाकरी आणि ठेचा मागा.

एक दिवस जास्तीचा असेल तर सकाळच्या लोकलनं मळवलीला उतरा. भाजे लेणी तिथून पायी आहेत, वर लोहगड. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे, तेव्हा आता गर्दी वाढणार, रविवार टाळा. चाकणला काम असेल तर संग्रामदुर्ग बघा. बुरूज-तटाचे थोडेच अवशेष उरलेत, पण १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने याच भुईकोटासमोर रोखून धरलं होतं. ते ठाऊक असेल तर उरलेला तटही पुरतो.

खेळाच्या चाहत्याला मी क्रिकेटपाशीच थांबू देत नाही. आमच्या संत तुकारामनगर मेट्रो स्थानकाजवळ, नेहरूनगरला मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम आहे, महापालिकेचं. मार्च २०२४ मध्ये महिलांची राष्ट्रीय हॉकी स्पर्धा इथे झाली. महाराष्ट्राच्या मुली अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या, हरियाणाकडून हरल्या, पण काय खेळल्या! हॉकीत स्टँड लांब नसतो. चेंडू फळीवर आदळल्याचा आवाज छातीत येतो, खेळाडू एकमेकींना काय ओरडतात ते ऐकू येतं. मेट्रोनं काही स्थानकं पुढे खडकी, धनराज पिल्लेचं गाव. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतून तो चार ऑलिंपिकपर्यंत गेला. ज्याला खेळ आवडतो त्यानं मैदानावर कुठली स्पर्धा चालू आहे एवढं तरी विचारावं.

आयपीएलच्या दिवसांत, म्हणजे चैत्र-वैशाखात आलात तर बैलगाडा शर्यत बघा. खेड-मावळात ती घाटात होते. घाट म्हणजे चढाची धावपट्टी. गाड्याला चार बैल, पुढे घोडीवर स्वार, आणि सेकंदांवर निकाल. बारी सुटली की हजारो माणसं एका वेळी उठतात. कित्येक वर्षं बंदी होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. बैलांना मारहाण होऊ नये ही अट कायद्यात आहे, ती पाळली जाते की नाही हे प्रेक्षकांनीही बघायला हवं, आणि नसेल तर तिथेच बोलायला हवं. डोक्याला टोपी, पायात बूट आणि हातात पाणी असल्याशिवाय जाऊ नका. घाटाच्या कडेला जत्रेतली भेळ, रेवड्या आणि उसाचा रस असतोच.

हे सगळं दाखवायचं काम आत्या आणि मावश्यांवर सोडून चालणार नाही. महापालिकेला ११ ऑक्टोबर १९८२ पासून चाळीसहून अधिक वर्षं झाली; २०११ च्या जनगणनेत इथे सतरा लाखांहून अधिक माणसं राहत होती. एवढ्या शहराला पाहुण्यांशी स्वतःच्या नावानं बोलता आलं पाहिजे. गहुंजे महापालिकेच्या हद्दीत नाही, हे कारण पुरेसं नाही. मॅच संपल्यावर गर्दी कुठल्या रस्त्यांवर येते ते सगळ्यांना दिसतं. क्रिकेट संघटना, महापालिका आणि पीएमपी यांनी मॅचच्या आधी एकत्र बसावं आणि तीन गोष्टी कराव्यात. तिकिटाबरोबर मराठी-हिंदी-इंग्रजीत छापील सूचना द्यावी: जवळची स्टेशनं, शेवटची लोकल, बसचा थांबा. मॅच सुटल्यावर निगडी आणि पिंपरीला सलग बस सोडाव्यात, शेवटचा प्रेक्षक निघेपर्यंत. आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड या स्टेशनांबाहेर एक-एक मोठा फलक लावावा, ज्यावर समाधी मंदिर, चापेकर वाडा, बुद्धविहार, घोरावडेश्वर आणि कॅम्पाचा बाजार कुठे आहे आणि कसं जायचं ते लिहिलेलं असेल. यासाठी नवी इमारत नको, मोठी निविदा नको. पुढच्या मॅचची तारीख जाहीर होईल त्या दिवशी हे काम सुरू करता येईल.